पुढचं वाक्य तुझं!

शब्दांवर चालणारा खेळ बहुधा कंटाळ्याने बंद पडत नाही, तो वाट पाहून बंद पडतो. पाच जण मिळून एक गोष्ट लिहिताहेत: कुणी वैद्य झालंय, कुणी दरोडेखोर, कुणी राजाचा हेर. हेराने दार उघडलं, आत दरोडेखोर उभा. आता दरोडेखोराने बोलायचं, पण त्याची परीक्षा सुरू झाली आणि त्याने कुणाला कळवलंच नाही. चार दिवस सगळे थांबतात, मग एकेक जण निघून जातो.

या खेळांना चित्रं नसतात. जे काही घडतं ते टाइप केलेल्या वाक्यांत. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी 1978 मध्ये 'मड' नावाचा असा खेळ उभा केला. पुढे 1996 मध्ये बार्टल यांनी खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले: गुण कमावणारे, नव्या जागा धुंडाळणारे, माणसांसाठी येणारे आणि इतरांवर कुरघोडी करणारे. माझ्या मते लिखित खेळ टिकतो तो तिसऱ्यांच्या जिवावर. 'रोज या, नाणी घ्या' हे आमिष मोबाइल गेममध्ये चालतं. इथे आपली कुणी वाट पाहतंय, एवढंच माणसाला परत आणतं.

समोरच्यासाठी खेळणं म्हणजे काय, हे भंडारा जिल्ह्यात फारसं समजावून सांगावं लागणार नाही. दिवाळीनंतर या भागात गावोगावी मंडई भरते आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा झाडीपट्टीचं नाटक रंगतं. खडी गंमतीतले बरेच संवाद उभ्याउभ्या जुळतात. शाहिराने प्रश्न टाकायचा, समोरच्याने तो झेलून परत द्यायचा. ज्याच्या उत्तरावर पुढे बोलायला काही उरतच नाही, तो कितीही हजरजबाबी असो, गंमत तिथेच मारतो. लिखित खेळातही तेच. 'मी त्याला ठार केलं' असं लिहिणाऱ्याने सोबत्याचा डावच हिरावून घेतला. 'तलवार उपसली, पण त्याचा चेहरा ओळखीचा वाटला' असं लिहिलं, तर समोरच्याचे हात शिवशिवतात.

बाकीची व्यवस्था साधी आहे. किती दिवसांत लिहायचं हे आधी ठरवावं, आणि ते सगळ्यांत सवडीने लिहिणाऱ्याला झेपेल असं. ज्याची परीक्षा, लग्न, धानकापणी असेल त्याने आधी सांगावं. तेवढ्यापुरतं त्याचं पात्र प्रवासाला पाठवता येतं. मुदत उलटली तर खेळ सांभाळणाऱ्या सूत्रधाराने गोष्ट पुढे न्यावी, पण त्याआधी एक निरोप जरूर धाडावा, विचारपूस करणारा, जाब मागणारा नव्हे. गप्पांसाठी गट वेगळा असावा. पात्रांचं भांडण माणसांत उतरतं तेव्हा ते तिथेच मिटवता येतं.

पवनी तालुक्यातल्या आसगावची किंवा आसपासच्या गावांची जी मुलं नागपूर-पुण्याला गेली, त्यांचे व्हॉट्सॲप गट असतीलच, आणि त्यांत सकाळच्या फुलांपलीकडे क्वचितच काही येत असेल. या खेळाला वेगळं ॲप लागत नाही, भारी फोनही लागत नाही. चार-पाच जण, एक सूत्रधार आणि आठवड्याला एक नोंद पुरते. सुरुवात मराठीत करा, झाडीबोलीत केलीत तर उत्तमच, आणि पहिल्याच नोंदीत दुसऱ्याला बोलायला जागा ठेवा.