दिल्लीचा जवान, अहेरीचा रस्ता

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. तीन चतुर्थांशांहून अधिक भूभाग जंगलाचा, आणि महाराष्ट्रात माओवाद्यांच्या हिंसेचा सर्वाधिक घाव सोसलेला. या जंगलात केंद्रीय राखीव पोलीस दल कसे काम करते, हे पाहिले की देशाच्या पोलीस व्यवस्थेची रचना उलगडते.

या दलाचा जन्म २७ जुलै १९३९ रोजी नीमचला झाला. संस्थानांमध्ये ब्रिटिश सत्तेचे हितसंबंध जपण्यासाठी ते उभारले होते. १९४९ च्या कायद्याने त्याला आजचे नाव मिळाले. वर दिल्लीत महासंचालक, खाली सेक्टर, रेंज आणि बटालियन. बटालियनचा प्रमुख कमांडंट. तिच्या कंपन्या, प्लाटून आणि सेक्शन. गडचिरोली जिल्ह्यात अहेरीला ३७ वी, धानोऱ्याला ११३ वी बटालियन बराच काळ तैनात होती.

पण राज्यघटनेनुसार पोलीस हा राज्याचा विषय. त्यामुळे जवानाचा पगार, बढती, शिस्त दिल्लीच्या हाती असली, तरी मोहिमेची आखणी जिल्हा पोलिसांबरोबर होते. गुन्हा नोंदवणे आणि तपास करणे हेही स्थानिक पोलीस ठाण्याचेच काम.

शिवाय परमुलखातून आलेल्या जवानाला पायवाट कोण दाखवणार?

त्याचे उत्तर सी-६०. तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी १९९० मध्ये ६० जवानांची ही तुकडी उभी केली. भरती जिल्ह्यातल्याच तरुणांची. माडिया-गोंडी बोलणाऱ्या, नाले-डोंगर पायाखालचे असलेल्या या मुलांमुळे पोलिसांना गावाशी त्याच्याच भाषेत बोलता आले. तुकडीला ‘पार्टी’ म्हणतात आणि ती तिच्या कमांडरच्या नावाने ओळखली जाते. पुढे दक्षिण भागासाठी अहेरीजवळ प्राणहिता येथे दुसरे केंद्र झाले.

या कामाची किंमत जबर आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये मरकेगावला १५ पोलीस मारले गेले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लाहेरीजवळ १७. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि वाहनचालक गेला. त्या स्फोटाचा तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. २००८ च्या कायद्याने स्थापन झालेली ही यंत्रणा कायद्याने ठरवून दिलेल्या गुन्ह्यांचा तपास करते. जंगलात गस्त घालणे हे तिचे काम नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी पक्षाचा वरिष्ठ नेता भूपती याने गडचिरोलीत ६० सहकाऱ्यांसह शस्त्रे खाली ठेवली. बंदुकीचे काम आता ओसरत आहे. पोलीस ठाण्यांतल्या ‘पोलीस दादालोरा खिडकी’त दाखले आणि योजनांचे अर्ज घेऊन येणाऱ्या माणसाला तिथे शिक्षक, डॉक्टर आणि तलाठीही भेटला पाहिजे. सरकारने दुर्गम पोलीस मदत केंद्रांच्या शेजारी या सेवा तातडीने उभ्या कराव्यात. इतकी वर्षे दोन्हीकडून भरडल्या गेलेल्या गावांचा तो हक्क आहे.