चांद्याचे ऊन आणि चांद्याचे पाणी

इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर गोंडराजांनी चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, वसविला आणि पुढे त्याभोवती काही कोसांचा दगडी परकोट बांधून काढला, तेव्हा शत्रूच्या फौजेप्रमाणेच नदीच्या पुराचाही विचार त्यांच्या मनात असला पाहिजे, असे जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या चार दरवाजांतून आतबाहेर करताना वाटल्यावाचून राहत नाही. फौजेचे भय केव्हाच संपले. पुराचे भय मात्र कायम आहे, आणि त्याच्या जोडीला उन्हाचे भय असे काही वाढून बसले आहे की, वर्षाचे चार महिने हे शहर एका संकटाशी झगडते आणि त्यातून श्वास घेते न घेते तोच पुढचे चार महिने दुसऱ्याच्या स्वाधीन होते. २ जून २००७ रोजी येथील पारा ४९ अंशांना भिडला होता; २०१९ च्या मेअखेर तो ४८ अंशांवर गेला; आणि एप्रिल २०२५ मध्ये, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागण्यास महिनाभराहून अधिक अवकाश असतानाच, देशातील सर्वाधिक तापमानाची नोंद ४५.६ अंशांनी चंद्रपूरच्या नावावर झाली.

या उष्म्याची कारणे काही अंशी निसर्गदत्त आहेत. दोन्ही समुद्रांपासून दूर, सखल आणि नदीखोऱ्यात वसलेल्या या प्रदेशावर वायव्येकडील कोरडे वारे उन्हाळाभर वाहत असतात, आणि त्यांना अडविणारे किंवा ओलावा देणारे वाटेत फारसे काही नाही. परंतु निसर्गाने दिलेल्या या वारशात माणसाने जी भर घातली, ती उपेक्षणीय नाही. कवेलूंची जागा टिनाच्या पत्र्यांनी आणि सिमेंटच्या स्लॅबांनी घेतली. हे छप्पर दिवसभर तापते आणि साठविलेली उष्णता रात्री घरात सोडते. मनुष्याचे शरीर दिवसाचा ताप घामावाटे आणि रात्रीच्या गारव्याच्या आश्रयाने भरून काढीत असते. रात्रच तापलेली राहिली की तो हिशेब पुरा होत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी वृद्ध, तान्ही मुले, हृदयविकारी आणि उन्हात राबणारे मजूर एकाएकी कोसळतात. ऊन लागून झालेला मृत्यू दप्तरात पुष्कळदा दुसऱ्याच कारणाखाली नोंदला जातो, म्हणून या संकटाचे खरे आकारमान कोणाच्या ध्यानी येत नाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला, त्या महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे तेराशे माणसे अधिक दगावल्याचे मागाहून केलेल्या गणनेत आढळले, तेव्हा कोठे त्या शहराने २०१३ मध्ये उष्म्याशी सामना करण्याची रीतसर योजना आखली: हवामान खात्याचा इशारा मिळताच दवाखान्यांना इतल्ला, बांधकामांच्या वेळांत बदल, पाणपोया, आणि गरीब वस्त्यांतील छपरांवर चुन्याचा पांढरा लेप. नागपूरने २०१६ मध्ये आणि त्यामागोमाग विदर्भातील इतर शहरांनी तीच वाट धरली. या उपायांतील चुन्याचा लेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. सूर्याचे किरण परतवून लावणारे पांढरे छप्पर घराचा दाह काही अंशांनी उतरविते, त्याला वीज लागत नाही, आणि ज्याच्या घरी कूलर नाही त्याच्याच ते सर्वाधिक कामी येते.

पावसाची गोष्ट उन्हापासून वेगळी नाही. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. म्हणून तापत्या काळात पावसाचे दिवस कमी होतात, पण पडतो तेव्हा तो एकदम कोसळतो. जुलै २०२३ मध्ये काही तासांच्या वर्षावाने चंद्रपूरच्या रस्त्यांचे ओढे झाले. त्याआधीच्या वर्षी, जुलै २०२२ मध्ये, वर्धा नदीच्या पुराने बल्लारपूर, राजुरा, भद्रावती या तालुक्यांत हाहाकार उडविला होता. वर्धा फुगली की तिला मिळणाऱ्या इरईचे पाणी पुढे सरकेनासे होते आणि मागे शहराकडे दाटते. त्यातच वरच्या अंगाला इरई धरणाचे सातही दरवाजे उघडण्याची पाळी आली, म्हणजे रहमतनगर आणि पठाणपुऱ्याच्या बाहेरील वस्त्यांतील लोकांना आपली चीजवस्त डोक्यावर घेऊन शाळांचा आसरा धरावा लागतो. हे दरसालचे झाले आहे. पूर येणारच, हे नदीकाठच्या लोकांना कोणी शिकवावे लागत नाही. त्यांचे मागणे इतकेच असते की दरवाजे केव्हा उघडणार हे वेळेत कळावे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणाच्या ३३ दरवाजांतून सुटलेल्या पाण्याने वैनगंगेकाठची ब्रह्मपुरी तालुक्यातील गावे वेढली आणि गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंजपर्यंत हलकल्लोळ केला. अशा वेळी एक प्रहर आधी मिळालेली सूचना पुढच्या शंभर दिवसांच्या मदतीहून अधिक प्राण वाचविते.

नदी दाटण्याचे आणखी एक कारण भूगर्भात आहे. वरोऱ्याची कोळशाची खाण १८७१ च्या सुमारास उघडली तेव्हापासून हा जिल्हा कोळसा देत आला आहे. उघड्या खाणीतून कोळसा काढण्यापूर्वी वरचे दगड-मातीचे थर उपसून बाजूस टाकावे लागतात. त्यांचे डोंगर इरईच्या अगदी काठाशी उभे राहिले, पावसाने ते ढासळत राहिले, चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची राख त्यांत मिसळली, आणि नदीचे पात्र अरुंद व उथळ होत गेले. २,९२० मेगावॅट क्षमतेचे हे केंद्र महाराष्ट्राच्या दूरदूरच्या शहरांना वीज पुरविते. त्याची राख आणि धूर मात्र चंद्रपूरकरांच्या वाट्यास येतो. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटले आणि पाण्याअभावी या केंद्रातील संच बंद ठेवावे लागले, हा प्रसंग मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. ज्या कोळशाच्या ज्वलनाने जगाचे वातावरण तापते, त्या कोळशापासून वीज काढण्यासही शेवटी एका लहानशा नदीच्या पाण्याची कृपा लागते, आणि त्या नदीच्या प्रकृतीची चौकशी करणारा कोणीही नसतो.

येथे मी पूर्व विदर्भातील तलावांकडे वळतो, कारण मला जे सांगावयाचे आहे त्याचा पुरावा तेथेच आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया आणि नागपूर या जिल्ह्यांत जुन्या मालगुजारी तलावांची संख्या सहा-सात हजारांच्या घरात आहे. जो जंगल तोडून तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन द्यावी, असा गोंडराजांचा हुकूम होता, असे परंपरा सांगते. आणि कोहळी समाजातील कसबी माणसांनी जमिनीचा उतार नुसत्या नजरेने जोखून, दोन टेकड्यांच्या मधल्या खळग्यावर मातीची पाळ घालून, ही जलाशयांची माळ गुंफली. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरावा, त्याचा त्याखालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, आणि शेवटी उरलेले पाणी धानाच्या बांध्यांतून ओघळत नाल्यास मिळावे, अशी ती रचना होती. मुसळधार पावसाचा पहिला लोंढा या टप्प्याटप्प्यांवर थबकत असे, त्यामुळे खालच्या गावास पूर सौम्य होऊन पोहोचे. आणि आश्विनात पावसाने दगा दिला तर हेच साठलेले पाणी धानाला शेवटची पाणीपाळी देऊन पीक हाती आणी. अतिवृष्टी आणि अवर्षण या दोन्हींवर एकाच रचनेने उपाय करणारी ही विद्या आज जगभरचे नगररचनाकार नव्याने शिकू पाहत आहेत, आणि आपल्याकडे ती ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरीच्या शिवारात शेकडो वर्षे नांदत होती.

परंतु तलाव बांधला म्हणजे काम संपत नाही, किंबहुना तेथून ते सुरू होते. दरवर्षी उन्हाळ्यात गाळ काढून शेतात नेणे, पाळीला पडलेली भगदाडे बुजविणे, सांडव्याचे दगड बसविणे, वरच्या अंगाचे जंगल राखणे, ही कामे गावकरी मालगुजाराच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनमालकाच्या, देखरेखीखाली करीत. निस्ताराचे, म्हणजे गावाच्या पाणी-जंगलाच्या वापराचे, हक्क आणि गावचे रिवाज वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात नोंदले जात. मासेमारी ढिवरांकडे असे. मालगुजाराची सत्ता जुलमी नव्हती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, आणि १९५० च्या कायद्याने ती पद्धत नष्ट झाली हे योग्यच झाले. मात्र तलाव सरकारजमा होताना त्यांच्या निगराणीचे कर्तव्य कोणाच्या शिरावर आले, याचा उलगडा झालाच नाही. सरकारने पाणीपट्टी मागितली. गावकऱ्यांनी निस्ताराच्या वडिलोपार्जित हक्काकडे बोट दाखवून ती नाकारली. आणि या वादात दुरुस्ती राहून गेली. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, वरचे जंगल वनखात्याकडे, अशी वाटणी झाली, आणि गाळाने मात्र कोणत्याही खात्याची हद्द न पाहता सर्वांना सारखेच भरून टाकले. २०१७ पासून गाळ काढून तो शिवारात टाकण्याची सरकारी योजना सुरू झाली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि एकदा काढलेला गाळ दहा वर्षांनी पुन्हा कोण काढणार, हा प्रश्न योजनेच्या मुदतीपलीकडचा आहे.

शहराचेही दुखणे हेच आहे. चंद्रपुरातील रामाळा तलाव गोंडराजांच्या काळचा. याच शहरातील कोहिनूर तलावाचे मैदान झाले, घुटकाळ्याचे नाव वस्तीस उरले. जेथे पावसाचे पाणी थांबत असे तेथे घरे उभी राहिली, आणि थांबावयास जागा न उरलेले ते पाणी आता घरांत शिरते, यात पाण्याचा अपराध कोणता? रामाळ्यात सांडपाणी आणि जलपर्णी माजली होती, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये इको-प्रो या संस्थेचे बंडू धोतरे यांनी त्याच्या उद्धारासाठी अन्नत्याग केला. याच संस्थेच्या तरुणांनी मार्च २०१७ पासून परकोटावरची झाडेझुडपे आणि कचरा पहाटे जाऊन स्वतःच्या हातांनी काढला होता. हे काम पाहून अभिमान वाटतो, आणि एक खेदही वाटतो: ज्या तलावाची निगा कायद्याने कोणाच्या तरी नेमणुकीत लिहिलेली असावयास हवी, त्यासाठी एका नागरिकाला उपाशी बसावे लागले.

निगराणी आणि अधिकार एका हाती आले म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात जावे. मेंढा-लेखा या गोंड वस्तीच्या गावाला २००६ च्या वनाधिकार कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात बहुधा सर्वांत आधी. आणि २०११ मध्ये आपल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेने स्वतः देण्यास प्रारंभ केला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या वाटचालीशी निगडित आहेत. तेथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. अभ्यासगट बसतो, माहिती तपासली जाते, मग ग्रामसभा ठरविते. जंगल राखले गेले तर उताराची माती जागेवर राहते, नाले उशिरापर्यंत वाहतात, मोह आणि तेंदू उन्हाळ्यात घरी रोकड आणतात, आणि वणव्याच्या दिवसांत आग विझविण्यास गावच धावते. याच जिल्ह्याच्या दक्षिणेस भामरागड आहे, जेथे पामुलगौतमी, पर्लकोटा आणि इंद्रावती एकत्र येतात. पर्लकोटेचा पूल पाण्याखाली गेला की ते तालुक्याचे ठिकाण दिवसचे दिवस जगापासून तुटते. तेथे तग धरण्याचा अर्थ अगदी साधा आहे: पावसाळ्यापूर्वी धान्य, औषधे आणि बाळंतिणींची सोय गावात असणे.

चंद्रपूर हे काही मेंढा-लेखा नव्हे, आणि साडेतीन-चार लाखांच्या शहरात सर्वसहमती शोधीत बसणे शक्य नाही, हे मी जाणतो. परंतु तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे आपल्या राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने सांगितले आहे, आणि २०११ च्या जनगणनेतच चंद्रपूर त्या मर्यादेपलीकडे गेले होते. महापालिकेने प्रत्येक प्रभागापुरती एक वही या समित्यांच्या स्वाधीन करावी आणि ती दरवर्षी होळीनंतर ताजी करून घ्यावी. त्या वहीत कोणत्या घरावर पत्रा आहे व तो चुन्याने रंगविला गेला की नाही, कोणती म्हातारी माणसे एकटी राहतात, कोणाच्या दारी नळ नाही, कोणता नाला कोणत्या मोरीशी तुंबतो, पूर चढू लागला तर कोणत्या शाळेचे कुलूप कोणाजवळ आहे, आणि इरई धरणावरून दरवाजे उघडण्याची सूचना आली तर ती रात्री दोन वाजता दारोदार जाऊन सांगणारी दोन माणसे कोण, हे सर्व नावानिशी लिहिलेले असावे. आणि त्याच वहीच्या मागील पानांवर त्या प्रभागातील विहिरी, बोड्या व ओढ्यांचे उतार नोंदून, त्यांवर नवे बांधकाम मागणाऱ्या प्रत्येक अर्जासोबत ती पाने नगररचना खात्यापुढे ठेवावीत.