चौलचें 'सैमूर' आणि अरब ग्रंथकारांची साक्ष

रायगड किनाऱ्यावरील चौल बंदरास जुन्या अरबी ग्रंथांत 'सैमूर' म्हटलें आहे, हें संशोधकांस नवीन नाहीं. परंतु ती साक्ष ज्या युरोपीय प्राच्यविद्या पंडितांच्या हातून आपणांस मिळाली, त्यांचें ऋण किती मानावें व त्यांचें म्हणणें कोठवर घ्यावें, याचा विचार पुष्कळदां राहून जातो. तो येथें थोडक्यांत करावयाचा आहे.

प्रथम नांवाविषयीं. अरबी लिपींत 'च' हा वर्ण नाहीं. त्याचे जागीं 'साद' येतो. 'चीन'चें 'सीन' झालें तें याच रीतीनें. शिलाहार अनंतदेवाच्या शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटांत 'चेमुली' या बंदराचा उल्लेख आहे. त्याचेंच अरबी लेखणींतील रूप 'सैमूर' होय.

मसूदी हा हिजरी ३०४ मध्यें, म्हणजे इ. स. ९१६-१७ च्या सुमारास, स्वतः सैमुरास आला होता. तो सांगतो कीं, तेथें सुमारें दहा हजार मुसलमान राहत. कांहीं सीराफ, ओमान, बसरा व बगदाद येथील, तर कांहीं याच भूमींत जन्मलेले 'बयासिरा'. त्यांचे तंटे त्यांच्यांतीलच एक प्रमुख तोडी. राजाचें नांव 'जांज', आणि तो 'बल्हरा'चा मांडलिक. हा ग्रंथ बार्बिये द मेनार व पावे द कुर्तेय यांनीं १८६१ ते १८७७ या काळांत पॅरिस येथें फ्रेंच भाषांतरासह नऊ खंडांत छापला. हें ऋण मोठें आहे.

पण 'बल्हरा' कोण? इलियटसारख्या पंडितांनीं त्याचा संबंध वलभीशीं जोडला. रा. गो. भांडारकर यांनीं राष्ट्रकूटांच्या 'वल्लभ' या बिरुदावरून ही गांठ सोडविली. मग 'मानकीर' तें मान्यखेट आणि 'जांज' तो शिलाहार झंझ, हें उघड झालें. झंझानें बारा शिवालयें बांधिल्याचें त्याच्या वंशजांचे लेख सांगतात. ग्रंथ पॅरिसनें दिला, अर्थ ताम्रपटांनीं लाविला.

दुसरी सावधगिरी साक्षीदाराविषयीं. इद्रिसीनें आपला भूगोल ११५४ मध्यें सिसिलींत, पालेर्मो येथें, नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्या आश्रयानें पुरा केला. त्यांतहि सैमूर आहे. परंतु इद्रिसी हिंदुस्थानांत आलेला नव्हता. पूर्वीचे ग्रंथ व ऐकीव माहिती यांवर रचलेलें त्याचें वर्णन मसूदीच्या तोलाचें मानतां येत नाहीं.

तिसरी अनुमानाविषयीं. मीकेले आमारी यांनीं सिसिलीचा मुसलमानी इतिहास अरबी साधनांवरून लिहिला; पण तेथें अरब ८२७ मध्यें सैन्यासह उतरले होते. कोंकणांत ते व्यापारी म्हणून आले व येथील राजांच्या आज्ञेंत राहिले. दिनेशचंद्र सरकार यांनीं प्रसिद्ध केलेला, तिसऱ्या इंद्राच्या काळचा शके ८४८ चा चिंचणी ताम्रपट याचा पुरावा आहे. संजाण मंडळाचा अधिकारी 'मधुमति', म्हणजे महंमद, हा ताजिक कुळांतील असून राष्ट्रकूटांचा नेमलेला होता. आणि त्यानें ब्राह्मणानें बांधिलेल्या मठिकेस भूमिदान दिलें. भूमध्य समुद्रावरील 'अरब वर्चस्व' हा शब्द येथें जसाच्या तसा लावल्यास अर्थाचा अनर्थ होईल.

तात्पर्य, परभाषेंतील ग्रंथाची साक्ष घ्यावी, पण ती आपल्या लेखांशीं ताडून घ्यावी. म्हणून ज्यांचे संग्रहीं एखादा अवाचित ताम्रपट असेल, त्यांनीं त्याचा ठसा काढून अभ्यासकांपुढें ठेवावा. सैमूरचा उरलेला इतिहास अशाच एखाद्या पत्र्यावर कोरलेला असावयाचा.