शितावरून भाताची परीक्षा, पण केव्हा?

परभणी जिल्ह्यात तालुके नऊ. समजा, १०८च्या दहा रुग्णवाहिका आपल्या हाती आहेत. कुठल्या तालुक्यात किती उभ्या करायच्या? वाटणीचे प्रकार होतात ४३,७५८. फोन आला, गाडी निघाली, रुग्ण पोचला, असं एकेका वाटणीचं वर्षभराचं काम संगणकावर चालवून बघायचं, हे झालं सिम्युलेशन. एकाला दहा मिनिटं धरली तरी सगळ्यांना तीनशे दिवस लागतात.

मग आपण ज्वारी खाणारी माणसं असलो तरी म्हण भाताचीच आठवते. दोनशे वाटण्या नीट निवडून चालवायच्या. दीड दिवसात होतं. त्या उत्तरांवर एक सोपं सूत्र बसवायचं, ते बाकीच्यांचा अंदाज क्षणात देतं. हेच मेटामॉडेल, म्हणजे प्रतिमानाचं प्रतिमान. त्यातली क्रिगिंग ही पद्धत सोन्याच्या खाणीतून आली; दक्षिण आफ्रिकेचे खाण अभियंते डॅनी क्रिग यांचं १९५१चं काम तिच्या मुळाशी आहे. मला तिचा एक गुण फार आवडतो. अंदाज सांगतानाच 'इथे माझी खात्री कमी' हेही ती सांगते. (आम्ही प्राध्यापक हे क्वचितच सांगतो!) मग तेवढ्याच जागी खरं सिम्युलेशन पुन्हा चालवायचं.

पण बघा, गोदावरीला पूर आला, गंगाखेड-पालमकडचे रस्ते तुटले, तर? कोरड्या दिवसांवर बसवलेल्या सूत्राच्या हिशेबात पूरच नाही, त्यामुळे ते शंकाही घेणार नाही. वर्षाची सरासरी छान दिसेल आणि पलीकडच्या वाडीत बाळंतीण गाडीची वाट बघत असेल. पुराचे दिवस वेगळे चालवा. आणखी दीड दिवस गेला तर जाऊ द्या.