शस्त्रसंधीनंतरचा शेजारी

दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. १९४८ साली याच दिवशी हैदराबादच्या निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली व पाच दिवसांची लष्करी कारवाई संपली. परंतु तोफा थांबल्या म्हणून परागंदा झालेला माणूस सुखरूप घरी पोहोचतोच असे नाही.

कारवाईपूर्वी रझाकारांच्या जाचाला कंटाळून अनेक हिंदू कुटुंबे सरहद्दीपलीकडे, मुंबई इलाख्यात व वऱ्हाडात, आश्रयास गेली होती. ती आता परतू लागली. रब्बी ज्वारीची पेरणी काही आठवड्यांवर आलेली. घर उभे असले तरी बैल व बियाणे नसतील, तर शेतकऱ्याने काय करावे? पेरणी चुकली की वर्षाची भाकरी चुकली.

त्याच सुमारास दुसऱ्यांवर घर सोडण्याची पाळी आली. रझाकारांच्या अपराधांचा सूड निरपराध मुसलमानांवर उगवण्यात आला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात दौरा केला. निदान २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद (आजचे धाराशिव), नांदेड, बीदर व गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वांत अधिक झळ पोहोचली. खेड्यापाड्यांतून जीव वाचवून अनेकजण हैदराबाद शहरात आले. त्यांना अन्नवस्त्र हवे होतेच. पण परत गेल्यास गाव आपल्याला नांदू देईल काय, याची ग्वाही त्याहून अधिक हवी होती.

अशी ग्वाही देणारेही निघाले. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंचे रक्षण केले व त्यापायी स्वतःचे प्राणही वेचले, असे समितीने नमूद केले आहे. पळवून नेलेल्या स्त्रियांच्या सुटकेसाठीही अनेक हिंदू बांधव झटले.

वाचकहो, प्रभू येशूने सांगितलेला दयाळू शोमरोनी याहून निराळा कोण होता? जखमी मनुष्य कोणत्या जातीचा, हे त्याने विचारले नाही. आपल्या प्रभूलाही बाळपणी मातापित्यांसह मिसर देशी परागंदा व्हावे लागले होते, हे आपण विसरू नये.

युद्ध थांबवणे राज्यकर्त्यांच्या हाती असते; निर्वासिताला त्याचे गाव परत देणे मात्र शेजाऱ्यांच्या हाती असते. भीतीपोटी कोणी आपले गाव सोडून गेले, तर त्याचे शेत बळकावू नका, त्याच्या घराची राखण करा. आणि तो परतेल त्या दिवशी त्याच्या चुलीला आपल्या घरचा विस्तव द्या.