शिलो: यरुशलेमपूर्वीचे पवित्रस्थान

यरुशलेमच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटरांवर, एफ्राइमच्या डोंगराळ मुलखात वसलेल्या शिलो या गावी, बायबलमधील यहोशवाच्या ग्रंथानुसार, इस्राएल लोकांनी दर्शनमंडप, म्हणजे उपासनेचा तंबू, उभारला आणि तेथेच चिठ्ठ्या टाकून उरलेल्या सात वंशांना जमिनीची वाटणी करून दिली. म्हणजे दावीद राजाने यरुशलेम जिंकण्यापूर्वी धर्मपीठ आणि वतनांचा निवाडा करणारी कचेरी, ही दोन्ही कार्ये हेच स्थान करीत होते. निपुत्रिक हन्नेने नवस केला तो येथेच. त्या नवसाचा पुत्र शमुवेल वृद्ध याजक एलीच्या हाताखाली वाढला. एलीचे पुत्र मात्र, हक्काच्या हिश्शावर संतुष्ट न राहता, भक्तांच्या यज्ञमांसात त्रिशूळी काटा खुपसून वर येईल ते उचलीत. देवस्थानाच्या उत्पन्नावर डोळा ठेवणारे पुजारी कोणत्या काळी नव्हते!

पुढे शिलो येथे ठेवलेला कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, रणांगणावर नेण्यात आला, आणि तो इस्राएलाचे शत्रू असलेल्या पलिष्ट्यांच्या हाती पडला. शिलोच्या नाशाचे वर्णन त्या कथेत नाही. तथापि १९२६ पासून डॅनिश संशोधकांनी आणि १९८१ ते १९८४ या काळात इस्रायली पुरातत्त्ववेत्त्यांनी केलेल्या उत्खननांत रांजणांनी भरलेली कोठारे व इसवी सनपूर्व अकराव्या शतकातील भीषण आगीच्या खुणा आढळल्या. यिर्मया संदेष्ट्याने पुढे यरुशलेमच्या मंदिराचीही शिलोसारखीच गत होईल असे बजावले, तेव्हा तेथील याजकांनी त्याला देहदंडास पात्र ठरविले.