शटरचा रिमोट : दुकानाची बिनदाती किल्ली

मोठी दुकाने व गोदामे यांना मोटारीचे शटर बसविण्याकडे व्यापारी बांधवांचा कल आहे. बटण दाबले की शटर वर, पुन्हा दाबले की खाली. सोय मोठी आहे. परंतु रिमोट ही दुकानाची किल्लीच होय, आणि तिची नक्कल झाली तरी मालकाला पत्ता लागत नाही. ईदच्या हंगामात दुकानात उधारीवर भरलेला माल असतो. तो गेला तर नुकसान एकट्या दुकानदाराचे होत नाही, ज्याने विश्वासाने माल दिला त्याचेही होते.

रिमोट दोन प्रकारचे असतात. पहिल्यात सांकेतिक क्रमांक कायमचा ठरलेला असतो. आत आठ खटके असतील तर एकूण क्रमांक २५६ च होतात, बारा असतील तर ४०९६. अमेरिकेत २०१५ साली सॅमी कामकर या सुरक्षातज्ज्ञाने मुलांच्या एका खेळण्यात फेरफार करून असे सारे क्रमांक दहा सेकंदांच्या आत पाठवून दाखविले. दुसऱ्या प्रकारात दर वेळी क्रमांक बदलतो. त्याला ‘रोलिंग कोड’ म्हणतात. खरेदी करताना हाच मागावा व बिलावर तसे लिहून घ्यावे.

नवा रिमोट जोडताना शटरखाली माणूस वा माल नाही हे आधी पाहावे. बहुतेक यंत्रांत पेटीवरील ‘लर्न’ बटण दाबून लगेच रिमोटचे बटण दाबावे लागते. हे काम मालकाने स्वतःसमोर करून घ्यावे. पेटी उघडायची असेल तर वीज बंद करून जाणकार कारागिरानेच उघडावी.

रिमोट हरवला किंवा नोकर काम सोडून गेला तर नुसता नवा रिमोट घेऊन भागत नाही, कारण जुना चालूच राहतो. पेटीतील सर्व नोंदी पुसाव्यात आणि हातात असलेले रिमोट पुन्हा जोडावेत. किती रिमोट आहेत व कोणाकडे आहेत, हे वहीत लिहून ठेवावे.

अमेरिकेत अनेक मोटारींत गॅरेजचा रिमोट आरशात किंवा छताजवळ बसवूनच येतो. तेथील आपल्या नातलगांनी गाडी विकण्यापूर्वी त्याची स्मृती पुसावी. बहुतेक गाड्यांत दोन्ही टोकांची बटणे काही सेकंद एकत्र दाबून धरली की ती पुसली जाते. गाडी चोरीस गेली तर गॅरेजच्या मोटारीतील नोंदीही पुसाव्यात.

जिवाचाही प्रश्न आहे. अमेरिकेत १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती गॅरेज यंत्रांना, दारात काही आले तर दार उलटे फिरावे, अशी व्यवस्था सक्तीची आहे. आपणही शटरवाल्याकडून अडथळा ओळखणारा सेन्सर बसवून घ्यावा. शटर डोळ्यांसमोर असल्याशिवाय बटण दाबू नये आणि रिमोट मुलांच्या हाती देऊ नये.

वीज गेल्यावर शटर हाताने कसे उचलायचे, हे प्रत्येक नोकराला शिकवावे. कापडाच्या दुकानात आग लागली तर यावरच जीव वाचतील. रात्री मोटार असली तरी कुलूप लावावेच. आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर तवक्कल करावे, हीच आपली शिकवण आहे.